निर्दोष वर्तुळ

व्हिडिओ कॉलवर 'चित्र ओळखा' रंगला होता. विश्रामरावांचे वर्तुळ कंपासने काढल्यासारखे पडद्यावर उमटले.

"भाकरी!" कॅनडातून मृदुला ओरडली. "बाबा, हात काय आहे हो तुमचा अजून!"

कॉलमधील सुधारणा-यंत्रणा दोन वर्षे त्यांच्या हाताचा कंप पुसत आली होती. आजाराचे नाव लेकीसमोर ओठांवर येईना. म्हणून आज त्यांनी यंत्रणा बंद केली आणि पुन्हा वर्तुळ काढले. रेघ थरथरली, हातही थरथरताना दिसला.

मृदुलाचे हसू मावळले. विश्रामरावांनी हात तसाच कॅमेऱ्यासमोर धरला.

"चित्र हलतंय, बाबा. तुमची रेंज गेली वाटतं. थांबा, मी इकडून सुधारणा लावते."

पडद्यावरचा हात स्थिर झाला.

"हां, आता कसं! काढा पुढचं."

विश्रामरावांनी पेन खाली ठेवले.

"मृदुला, रेंज उत्तम आहे."