डायरेक्ट

"एक म्हातारा माणूस सांभाळता येत नाही तुम्हाला?"

असं म्हणून तिने जळका हीटर आपल्या गॅरेजच्या टेबलावर आपटला. तिथे उघडून ठेवलेल्या बसच्या ब्लोअरचे स्क्रू टणाटण उडून खाली घरंगळले. समोर तिची भावजय उभी होती. भावजयीच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. काल दुपारी या हीटरमुळे सासऱ्यांच्या पांघरुणाने पेट घेतला, तेव्हा तिने ते हातांनीच विझवलं होतं. बाबा जुन्या टायरांच्या थप्पीशेजारी खुर्चीत बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. आजपासून ते लेकीकडे राहणार होते. तसा हुकूमच सुटला होता सकाळी फोनवरून.

"नवरा ऑफिसात, बायको कुठे भलतीकडे आणि आमचे बाबा आगीत! वा!"

"गच्चीवरून कपडे आणायला गेले होते, ताई. पाच मिनिटं..."

"पाच मिनिटांत घर जळतं."

गाड्यांच्या हीटरचे पंखे दुरुस्त करण्यात शहरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंखा बंद पडून काच वाफेने धूसर झाली की ड्रायव्हर थेट तिच्याकडे येत. पुढे पुढे लोक घरचे हीटरही दाखवायला आणू लागले. ती ना किंमत बघायची, ना रंग. हीटर चालू करायचा, त्याच्या तोंडासमोर पुठ्ठा धरून वारा अडवायचा आणि आकडे मोजायचे. "तापतो किती ते दुकानदार सांगेल. वेळेवर बंद पडतो का, ते मी सांगते," असं म्हणायची. बंद न पडणारा हीटर दुकानदाराच्या नावाने चार शिव्या घालून परत पाठवायची. तिच्या शब्दाला मान होता, आणि तो तिला चांगलाच ठाऊक होता.

हा हीटर तर ती भावजयीच्या डोळ्यांदेखत फाडून दाखवणार होती. तिने मागची जाळी काढली. आतल्या पंख्याच्या दांड्याला बोटभर जाड कापूस, केस, धूळ गुंडाळलेली होती. पंखा जागचा हलत नव्हता.

"हे बघ! हे बघ तुझा टापटिपीचा संसार! जाळी एकदा पुसली असतीस तर काय हात झिजले असते?"

भावजयीने पट्टीवरून दुसरा हात फिरवला. बाबा म्हणाले, "पुरे गं." पण ती पुरे करणाऱ्यांतली नव्हती.

"पंखा अडकला, म्हणून कॉइल तापत गेली. ते कळलं. पण अशा वेळी वीज तोडायला आत कटआऊट असतो. तो काय झोपा काढत होता? थांब, बनवणाऱ्याला कोर्टातच खेचते." तिने आतला पत्रा उचकटला.

कटआऊटची नाण्याएवढी चकती जागच्या जागी होती. पण तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुणीतरी वायर टाकली होती. आता चकती उघडो की न उघडो, वीज वायरीतून जाणारच. तपकिरी वायर, तिच्यावर पांढरी रेघ. टोकं दोनदा दुमडून पिळलेली, वर काळी नळी चढवलेली. असली वायर घरच्या हीटरमध्ये नसते, गाड्यांत असते. तिच्याच पाठीमागे, गॅरेजच्या भिंतीवर, खिळ्याला त्याच वायरीचं भेंडोळं लटकत होतं. आणि टोकं अशी दोनदा दुमडणारं माणूस या शहरात एकच होतं.

तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

भावजय वाकून बघत म्हणाली, "मागच्या थंडीत हा सारखा बंद पडायचा, तेव्हा तुम्हीच घरी येऊन उघडला होतात ना? त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. आम्ही म्हणायचो, ताईंच्या हाताला गुण आहे."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मागच्या थंडीतल्या त्या दिवशी भावाच्या दारात एक ड्रायव्हर तिला न्यायला हॉर्न वाजवत थांबला होता. घाईत कटआऊट आड आला की डायरेक्ट करून, म्हणजे वायर टाकून त्याला वगळून, मोकळं व्हायचं, ही गॅरेजची रीत. गाडीत ते खपून जातं, कारण तिथे ऊब इंजिनच्या गरम पाण्याची असते आणि पंखा नुसता वारा मारतो. या डब्यात मात्र विस्तवच विजेचा. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण हाताने सवयीचं केलं आणि डोकं दारातल्या हॉर्नकडे होतं. हीटर का बंद पडतो, हेसुद्धा तिने पाहिलं नव्हतं. धूळ तेव्हाही होतीच.

"मीच काहीतरी खुडबूड केली असेल," बाबा म्हणाले. त्या दिवशी तिच्याशेजारी पलंगावर बसून उजेडासाठी बॅटरी त्यांनीच धरली होती.

"तुम्ही गप्प बसा! बल्ब तरी बदलता येतो का तुम्हाला?" ती एवढ्यांदा ओरडली, की बाहेरचा बसवाला डोकावून गेला. मग भावजयीकडे वळून, त्याच चढ्या आवाजात, जणू चूक अजून तिचीच होती, म्हणाली, "ही वायर माझी आहे. मी टाकली. हात तुझा मी भाजला. झालं समाधान?"

भावजय हीटरकडे बघत राहिली. मग नणंदेकडे. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा लाल झाला.

तिने डाव्या हाताने बाबांच्या मांडीवरची पिशवी उचलली. "चला बाबा, घरी."

बाबा उठले. लेक पिशवी धरायला पुढे झाली, पण भावजयीने ती दुसऱ्या बाजूला घेतली.

"घरी कधीही या, ताई," ती म्हणाली. "पाहुण्यासारख्या या. कशाला हात लावू नका."