लेकरांचा आवाज

मुक्ताला पटकी झाली होती. लेकरांना तिच्याजवळ जाऊ देऊ नका, असं हकिमानं बजावलं होतं. बाहेर वैशाखाचं ऊन पेटलेलं, म्हणून तिचा नवरा गहिनीनाथ दोघांना घेऊन छपरात बसला होता. अंगावर पाणी शिंपडून झालं, चिंचोके खेळून झाले. शेवटी उकाड्यानं पोरं पेंगुळली.

कुडाच्या भिंतीपलीकडून मुक्ताचा बारीक आवाज आला. "लेकरं गप कावून झाली?"

"झोपायलीत."

"झोपवू नका. हसवा त्यांना. मला दिसत न्हाईत, आवाज तरी येऊ द्या."

गहिनीनाथ गुडघ्यांवर ओणवा झाला. दोघांना पाठीवर घेऊन तो बैलासारखा हंबरला, छपरात गोल गोल फिरला, मुद्दामच अडखळला. पोरं खिदळायला लागली.

बऱ्याच वेळानं मुक्ताची आई आतून बाहेर आली. तोंडात पदराचा बोळा कोंबून उंबऱ्यावर बसली.

गहिनीनाथ जागीच थांबला.

पाठीवरच्या धाकट्यानं टाच मारली. "बा, चल की!"

मान खाली घालून तो पुन्हा फिरू लागला. पोरं हसत होती तोवर त्यांना काही सांगावं लागणार नव्हतं.