सहाशेचा मीटर

क्वेताला दर नाताळला मेजवानीसाठी आणलेल्या कार्प माशाची दया यायची. न्हाणीच्या टबात जिवंत ठेवलेल्या त्या माशाशी दोन दिवस बोलली, की ती सुरीच लपवून ठेवायची. अशाने सात वर्षांत तिच्या नवऱ्याच्या, ओताकरच्या अंगणातल्या तळ्यात सात मासे झाले.

ऑगस्टच्या उकाड्यात सातही जण पाण्यावर तोंडं काढून धापा टाकू लागले. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा मीटर बारा हजार क्राउनचा होता. ओताकरने महिनाभर फोनमध्ये डोकं खुपसून सहाशेचा शोधून काढला.

आज त्याचं खोकं आलं. "वरून कात्री आणायला एवढा वेळ?" ओताकर करवादला. क्वेता कात्री देऊन खालच्या पायरीवरच बसली.

खोक्यात निघाला बोटाला लावायचा चिमटा.

"अरे, माशाला बोटं असतात का?" ओताकर भडकला. "नुसतं 'ऑक्सिजन मीटर' लिहून लोकांना लुटतात, मेले. आजच परत पाठवतो."

"आण इकडे. चालतो का ते तरी बघू," म्हणत क्वेताने चिमटा बोटाला लावला.

आकडा आला ब्याऐंशी. पंचाण्णवच्या खाली गेल्यास डॉक्टर गाठा, असं खोक्यावरच छापलं होतं.

ओताकरचा आवाज आणखी चढला. "एवढा दम लागतो, तर मला बोलली का नाहीस?"


"महिन्यापूर्वीच बोलले," क्वेता म्हणाली. "तू म्हणालास, थांब, आधी माशांचं बघू दे."