हुस्नबानो ‘लावा’ म्हणते

तिसरी काडीही वाया गेली. कळ दाबून धरली की भट्टीच्या पायलटची छोटी ज्योत निळी, सरळ उभी राहायची आणि रहीमचाचांनी बोट काढलं की विझायची.

"तीस मोजले होते?" रूहीने विचारलं.

"चाळीस मोजले," चाचा म्हणाले. त्यांनी सिलिंडर बंद केला आणि गाडीची दोन्ही दारं उघडी टाकली.

रूही त्यांची नात. जळगावहून दोन दिवसांसाठी धुळ्याला आली होती, पण उगाच नाही. तिच्या बापाने, नईमने, तिला सांगून पाठवलं होतं की दादा-दादी दोघांना गाडी अजून झेपते का ते बघ. झेपत असेल तर राहू दे, नसेल तर उद्या रावेरचं गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. हे चाचांच्या कानावर आलं होतं, म्हणून सकाळपासून त्यांचे हात जरा जास्तच लगबगीने चालत होते.

गाडी म्हणजे जुनी मॅटाडोर. मागे गॅसची भट्टी, तिच्यासमोर झोपायची फळी. तीस वर्षं ती बाजाराबाजाराला हिंडली. नरडाण्याला स्टेशनाबाहेर उभी राहिली की नानखटाईच्या वासाने पुढे जाणारी माणसंही रेल्वेतून उतरत, असं चाचा सांगत. त्यातलं निम्मं खरं होतं. शिंदखेड्याला उशीर झाला की नवरा-बायको फळीवरच मुक्काम करीत. रूही तान्ही असताना याच फळीवर मैद्याच्या पोत्याला टेकून झोपली होती. ते दिवस आठवले की चाचांचे डोळे भरून येत आणि मैदा गेला डोळ्यात, असं ते म्हणत.

गाडीचा एक रिवाज होता. आधी चाचांची बायको हुस्नबानो चढायची. झाडू मारून झाला की सिलिंडरपाशी खाली बसायची, कारण गॅस खाली साचतो. चाचा दारात नाक वर करून उभे राहत. मग ती म्हणायची, "लावा," आणि मगच काडी ओढली जायची. यात कधी खंड पडला नव्हता.

रूही सगळं बघत होती. सकाळी घरात दूध उतू जाऊन करपलं, तेव्हा दादी चार हातांवर पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. रूहीनेच धावत जाऊन शेगडी बंद केली. "वय झालं गं," दादी हसून म्हणाली. दादाअब्बाही आता नानखटाई घड्याळ लावून काढत. यातलं काय काय बापाला सांगायचं, हे रूहीला ठरवता येत नव्हतं. खरं तर गाडी जावी असं तिला वाटतच नव्हतं.

ज्योतीत तापणारी तांब्याची कांडी काजळली असणार, असं चाचांनी निदान केलं. ती गरम झाली तरच गॅस चालू राहतो. त्यांनी ती सोडवून पॉलिश पेपरने घासली. पायलटच्या बारीक भोकात कोळ्याचं जाळं निघालं, तेही सुईने काढलं. नट परत बसवले. एरवी ते प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघत. आज आणखी वेळ गेला तर नात काय म्हणेल, म्हणून ते राहिलं.

सिलिंडर उघडला. हुस्नबानो खाली बसली. चाचा नाक वर करून उभे राहिले.

बाहेर पुना भाजीवाला विचारत होता, "चाचा, नानखटाई शे का?" रूही त्याला थांबायला सांगून परत वळली.

"लावा," हुस्नबानो म्हणाली.

चाचांनी काडी पेटीला टेकवली तोच रूहीने त्यांचं मनगट धरलं. "दादाअब्बा, थांबा. गॅस सुटलाय."

तिने सिलिंडर बंद केला आणि दोघांना हाताला धरून खाली उतरवलं. एक नट सैल राहिला होता. तिच्या हातातला फोन वाजायला लागला. नईमचा होता.

चाचा ओट्यावर बसले.

"त्या मोठ्या तापाच्या साली माझं नाक गेलं," ते म्हणाले. "कशाचाच वास येत नाही. हिला सांगितलं असतं तर हिनेच गाडी विकायला लावली असती. पण बापाला सांग, काळजीचं कारण नाही. मी हिच्या नाकावर भट्टी लावतो. ही ‘लावा’ म्हणाल्याशिवाय एक काडी ओढली नाही. आज हिला सर्दी असणार."

रूहीने दादीकडे पाहिलं. हुस्नबानोने तोंडावर पदर घेतला होता.

"माझंही त्याच तापात गेलं," ती म्हणाली. "मी तर तुमच्या नाकाकडे बघून ‘लावा’ म्हणायचे."