मालकाची सही

“मालक? अरे, मी नुसता गादीवर उभा राहून गाणारा!” अच्युतबुवांनी कागद परत सरकवला. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता.

हेरंब हबकला. बुवांच्या साठ कीर्तनांची रेकॉर्डिंगं त्याने जिवापाड जपली होती. ती घरोघरी ऐकू यावीत म्हणून हौसेनं ॲप केलं होतं. पण ॲप स्टोअरने ते दोनदा नाकारलं. ‘कीर्तनं तुमची नाहीत. मालकाची लेखी परवानगी जोडा.’ तिसऱ्यांदा नकार आला की खातंच बंद होणार होतं.

“बुवा, सही केली नाहीत तर तुमचा आवाज माझ्याच कपाटात पडून राहील हो.”

बुवांनी डोळे मिटले. मग पेन उचललं आणि मालकाच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, ‘श्रीराम’. खाली बारीक अक्षरात, ‘तर्फे, सेवक अच्युत’.

हेरंबने ते वाचलं. आता नकार ठरलेलाच! पण बुवांचा शब्द मोडवेना. त्याने कागद तसाच पाठवला.

चौथ्या दिवशी सकाळी ईमेल आला. ‘मालक श्रीराम यांची परवानगी मिळाली. ॲप मंजूर.’ हेरंबने पुन्हा वाचलं आणि तो अनवाणीच बुवांकडे धावला.

“बुवा, घोटाळा झाला! त्यांना वाटलं, श्रीराम म्हणून खरंच कुणी आहे!”

बुवा त्याच्याकडे बघतच राहिले. “अरे,” ते कुजबुजले, “मग चुकलं कुठं त्यांचं?”