नवी बोटं

फौजदार जगदाळ्यांनी मालनची दहाही बोटं एकेक करून यंत्राच्या काचेवर दाबली. पडदा प्रत्येक वेळी कोराच राहिला.

"वहिनी, तुमच्या बोटांना ठसे कसे नाहीत?"

"पालीचं तुटलेलं शेपूट परत येतं साहेब, पण जुन्यासारखं येत नाही. आमचंही तसंच."

पालीच्या शेपटावरूनच अवयव पुन्हा उगवण्याचं इंजेक्शन निघालं होतं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळायला लागल्यापासून तुटलेलं बोट पावसाळाभरात पुन्हा उगवायचं. मालनच्या नवऱ्याला, विश्वंभरला, तेवढं निमित्त पुरलं. आमटीत मीठ जास्त झालं, की तो पानाच्या डब्यातला अडकित्ता उघडायचा. तिच्या हाताला आता जन्माचं एकही बोट उरलं नव्हतं.

आज सकाळी विश्वंभर झोपाळ्यावरच मेला. त्याने खाल्लेल्या पानात वाळवीचं औषध निघालं. औषधाच्या बाटलीवर फक्त त्याचेच ठसे होते, कारण बाजारातून ती त्यानेच आणली होती.

"त्याचं पान रोज तुम्हीच लावायचा ना?" जगदाळे पुढे झुकले. "एवढा छळ होता, तर तेव्हाच तक्रार का नाही केलीत?"

"पहिलं बोट गेलं तेव्हा आले होते की. फडक्यात गुंडाळून आणलं होतं. तुम्ही याच खुर्चीत बसला होतात." मालनने पदराला बोटं पुसली. "म्हणालात, 'उगवेल की परत. त्याची कसली केस करायची? जा घरी.'"

जगदाळ्यांनी यंत्र बंद केलं.

मालन उठली. "जाते मग घरी."