दारातला सराव

“कोण पाहिजे?” आईने दार अर्धंच उघडलं आणि पोटच्या पोराला नखशिखांत न्याहाळलं.

“नमस्कार काकू. मी नगरपालिकेतून आलोय. समुद्राबद्दल जरा बोलायचं होतं.”

“मग समुद्राशी बोला की! माझ्याकडे काय काम?” आणि दार धाडकन बंद.

इंजिनियर मुलाने कपाळाला हात लावला. आतून आईचं खुदखुदणं ऐकू येत होतं.

नगरपालिकेने सगळ्या अधिकाऱ्यांना हवामान बदलाच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. समुद्र चढतोय, किनाऱ्यालगतची घरं हलवावी लागणार, हे कागदावर सगळ्यांना पाठ होतं. ते माणसांना कसं सांगायचं, इथे मात्र भल्याभल्यांची बोबडी वळत होती. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक मॅडम घर न सोडणाऱ्या बाईच्या भूमिकेत शिरल्या आणि इंजिनियरने त्यांच्यापुढे एकामागून एक आलेख उघडले. मॅडमनी शांतपणे विचारलं, “साहेब, यात माझं स्वयंपाकघर कुठे आहे?” सगळा वर्ग हसला.

“घरी सराव करा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला अजिबात दाद न देणारं कुणीतरी शोधा.”

असं माणूस त्याला एकच माहीत होतं.

पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याने आईला सांगितलं नव्हतं. हलवायच्या घरांत पहिली गल्ली आईचीच होती. स्वतःहून तयार होतील त्यांच्यासाठी नगरपालिकेत नावनोंदणीची एक खिडकी उघडली होती. तिकडे काळं कुत्रंही फिरकत नाही, असं कचेरीत सगळे म्हणत. प्रशिक्षण संपलं की नोटिसा निघणार, आणि तरीही कुणी हललं नाही तर पोलीस येणार. पोलिसांना घेऊन आपण आईच्या दारात उभे आहोत, ही वेळ त्याला येऊ द्यायची नव्हती. म्हणून सरावाच्या आडून तिचं मन वळवायचं. लबाडीच होती ती, पण त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

आई कसली वळतेय! तिने त्याच्या नाकीनऊ आणले.

“हा उंबरठा आमच्या ह्यांनी स्वतः बसवलाय. तो पण उचलून नेणार का तुमची नगरपालिका?”

“काकू, त्याची भरपाई...”

“भरपाई म्हणे! नापास. चहा घे आणि उद्या ये.”

मग मॅडमनी त्याला वर्गात युक्ती सांगितली. समजावणं बंद करा, विचारा आणि गप्प बसून ऐका. दुसऱ्या संध्याकाळी त्याने विचारलं, “काकू, या घरातलं काय सोडवत नाही तुम्हाला?”

झालं! आई जी सुरू झाली ती थांबेचना. त्याला कावीळ झाली होती तेव्हा वडील रात्रंदिवस उशाशी कसे बसून होते. गोदीत संप झाला तेव्हा त्यांनी घराच्या भिंती स्वतः कशा रंगवल्या. लग्न करून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, तेव्हा तिच्या हातून किती दिवस भात जास्तीचाच पडत होता. हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. एरवी तो यायचा तो उभ्याउभ्या, गाडीची किल्ली हातातच. आता रोज संध्याकाळी दोघं खिडकीपाशी बसत, भांडत, हसत. त्याचा आवाज चढला की ती म्हणे, “साहेब, हळू. म्हातारीचं घर मागताय तुम्ही, शिपायाला फाटक उघडायला नाही सांगत आहात.”

कधीकधी ती वळलीच असं वाटायचं. पण तो चपला घालू लागला की ती हमखास नवं खुसपट काढायची. “आणि शेजारीणबाईंचं काय? त्यांना कुठे टाकणार? उत्तर घेऊन या उद्या.” की तो पुन्हा हजर.

प्रशिक्षण संपायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा धीर सुटला. त्याने दार वाजवलं, पण ‘काकू’ काही तोंडातून निघेना.

“आई, सराव नाही गं हा. आपलीच गल्ली पहिली आहे. पाणी येणारच आहे. तुला ओढून बाहेर काढायची वेळ माझ्यावर आणू नकोस.” आणि ती खिडकीपाशी टेकताच एवढा बाप्या माणूस तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडला.

आई बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिचे डोळेही भरले होते.

“हरले बाबा मी,” ती शेवटी म्हणाली. “येते मी.”

त्याला आभाळ ठेंगणं झालं. तिथूनच त्याने बायकोला फोन लावला. “आई तयार झाली! अगं, खरंच!”

“उद्या येशील?” आईने विचारलं.

“उद्या प्रमाणपत्रं वाटणार आहेत. मग कामाचा नुसता ढीग पडलाय. जमेल तसा येईन की.”

“बरं,” ती म्हणाली. दारापर्यंत आली, पण या वेळी तिने काही खुसपट काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. टाळ्या पडल्या. प्रमाणपत्र काखेत मारून तो थेट नगरपालिकेतल्या त्या खिडकीवर गेला आणि ऐटीत म्हणाला, “पहिलं नाव लिहून घ्या. माझ्या आईचं.”

खिडकीवरची बाई गोंधळली. “साहेब, ते तर कधीच लागलंय. तुमचा सराव सुरू झाला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या स्वतः येऊन हो म्हणून गेल्या.”

“काय? मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“त्यांनी शपथ घातली होती,” बाई खाली बघत म्हणाली. “म्हणाल्या, त्याला कळू देऊ नका, मी हो म्हटलं की त्याचं येणं बंद होईल.”